उजव्या हाताचं शिक्षण

कार्यक्रमानंतर भेटायला येणारे श्रोते बहुतेक वेळा डाव्या हाताबद्दल विचारतात. बोटं इतक्या वेगानं कशी चालतात, फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, एकही खूण नसताना जागा अचूक कशी सापडते, बोटांची टोकं दुखत नाहीत का. प्रश्न रास्त आहेत. पण व्हायोलिनवादक म्हणून मी घडले ती मुख्यतः उजव्या हातामुळे. डावा हात स्वर कोणता ते ठरवतो. तो स्वर कसा उमटेल, मध्यावर किती भरेल, कुठे विरेल आणि पुढच्या स्वराकडे कसा जाईल, हे सगळं बो, म्हणजे उजव्या हातातला घोड्याच्या केसांचा गज, ठरवतो. शिक्षण, स्पर्धा, ऑडिशन, ऑर्केस्ट्रातली नोकरी, एकल वादन, या प्रत्येक टप्प्यावर गाडी अडली ती बोपाशी आणि सुटली तीही बोपाशीच. म्हणून हा सगळा प्रवास मी त्याच बाजूनं सांगते.

लहानपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या क्षेत्रातली बहुतेक मंडळी पाच ते आठ वर्षांच्या वयात सुरुवात करतात, मीही त्यांतलीच. आधी लहान मापाचं व्हायोलिन, हात वाढेल तसं त्याहून मोठं, शेवटी पूर्ण मापाचं. त्या वयातला रोजचा सराव मुलाचा नसतो, घराचा असतो. कोणीतरी शेजारी बसून तो करून घ्यावा लागतो. मला तसं माणूस मिळालं. शाळेची शेवटची वर्षं आली तोवर माझा डावा हात चांगला तयार होता, अवघड रचना मी वाजवत होते आणि त्यांना टाळ्याही पडत होत्या.

मग कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीताच्या महाविद्यालयात, प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात सरांनी माझ्या हातातल्या सगळ्या रचना बाजूला ठेवायला लावल्या. डावा हात खाली, आणि फक्त मोकळ्या तारा. जी, डी, ए, ई. फ्रॉगपासून, म्हणजे बो जिथे धरतात त्या बाजूपासून, टोकापर्यंत एक बो, टोकापासून फ्रॉगपर्यंत दुसरा. एका बोला दहा सेकंद, मग वीस, मग त्याहूनही जास्त. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा आणि दिशा बदलताना सांधा ऐकू येता कामा नये.

ऐकायला हे सोपं वाटतं. बो हातात धरला की कळतं. त्याचं वजन जेमतेम ६० ग्रॅम असतं, लांबी ७५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि बरंचसं वजन फ्रॉगच्या बाजूला. म्हणजे फ्रॉगपाशी बो आपोआप जड पडतो आणि टोकाकडे हलका होतो. आवाज एकसारखा ठेवायचा तर फ्रॉगपाशी करंगळीनं ते वजन पेलायचं, आणि बो टोकाकडे सरकत जाईल तसा तर्जनीवरचा भार हळूहळू वाढवायचा. हा बदल सलग व्हावा लागतो, टप्प्याटप्प्यानं झाला की लगेच ऐकू येतो. सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: "तार दाबू नकोस. हाताचं वजन तिच्यावर सोड."

त्याच काळात माझी बोची पकडही बदलली. लहान हाताला सोयीची अशी एक पकड मला मिळालेली होती. आता पूर्ण वाढलेल्या हाताला शोभेल अशी दुसरी घ्यायची होती. रशियन पद्धतीत तर्जनी दांडीवर खोल टेकते आणि मनगट जरा उंच राहतं. फ्रँको-बेल्जियन पद्धतीत बोटं थोडी पसरलेली आणि लवचिक असतात, तर्जनी मधल्या सांध्याच्या जवळपास टेकते. दोन्हींतून थोर वादक घडले आहेत, त्यामुळे श्रेष्ठ कोणती या वादात मला रस नाही. सरांनी माझ्या बोटांची लांबी पाहून दुसरी निवडली. पण वर्षानुवर्षं अंगात मुरलेली पकड सोडताना हाताला काहीच ओळखीचं उरत नाही. शेजारच्या खोलीतून सिबेलियसचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, ऐकू यायचा आणि मी ए तारेवर लांब बो ओढत असायचे. त्या महिन्यांत मला रडू यायचं, हे सांगायला संकोच वाटत नाही. त्या वयात आपण कोण आहोत हे आपण काय वाजवतो यावरूनच ठरत असतं, आणि मी काहीच वाजवत नव्हते.

मला त्यातून बाहेर काढलं ते, खरं सांगायचं तर, थोड्या भौतिकशास्त्रानं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं बो फिरत असताना तारेचं काय होतं ते तपासलं. राळ लावलेले केस तारेला पकडतात, थोडं ओढून नेतात, मग तार सुटून झटकन मागे येते आणि पुन्हा पकडली जाते. ए तारेवर हे एका सेकंदात ४४० वेळा होतं. भार कमी पडला तर पकड वेळेआधीच सुटते आणि आवाज पोकळ, शिट्टीसारखा येतो. भार जास्त झाला तर तार वेळेवर सुटत नाही आणि आवाज खरखरतो. या दोन टोकांमधल्या जागेत तीन गोष्टींचा खेळ चालतो: बोचा वेग, हाताचा भार, आणि ब्रिज (तारा पेलणारी लाकडी घोडी) व फिंगरबोर्ड यांच्यामध्ये बो नेमका कुठे टेकला आहे ती जागा. ब्रिजच्या जवळ गेलं की बो सावकाश आणि भार अधिक हवा. फिंगरबोर्डकडे गेलं की भार हलका आणि बो वेगात. हे समजल्यावर मोकळ्या तारा मला शिक्षा वाटेनाशा झाल्या. प्रत्येक लांब बो म्हणजे या तिन्हींचं एक नवं गणित होतं, आणि उत्तर बरोबर आलं की व्हायोलिनचं लाकूड हनुवटीखाली थरथरताना कळायचं.

यानंतर क्रॉइत्झर या जुन्या व्हायोलिनवादकाचे अभ्यास, म्हणजे सरावासाठीच्या रचना, आले. त्याच्या ४२ अभ्यासांतला दुसरा वरवर अगदी साधा आहे, सी मेजरमध्ये सलग धावणारे स्वर. शिक्षक पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर बोचे नवे नवे प्रकार करून घेत आले आहेत. दोन जोडून दोन सुटे, तीन जोडून एक सुटा, सगळे उसळते, सगळे टोकापाशी, सगळे फ्रॉगपाशी. सरांच्या जुन्या प्रतीत त्या एका पानाच्या समासात पेन्सिलच्या इतक्या खुणा होत्या की छापील स्वर शोधावे लागायचे. (हा तोच क्रॉइत्झर, ज्याला बीथोव्हननं आपली एक सोनाटा अर्पण केली आणि ज्यानं ती कधीच जाहीरपणे वाजवली नाही. शिक्षक म्हणून मात्र आम्ही सगळे त्याचे ऋणी आहोत.) स्केल, आणि थर्ड, सिक्स्थ, ऑक्टेव्ह या स्वरजोड्या, हा डाव्या हाताचा रोजचा भाग सुरू होताच. पण त्यातही सर बोच ऐकायचे. दोन तारा एकदम वाजवताना दोघींवर सारखा भार नसेल तर जोडीतला एक स्वर बुजतो, आणि मग सूर लागला की नाही हेही नीट कळत नाही.

खरी परीक्षा बाखनं घेतली. एकट्या व्हायोलिनसाठी त्यानं लिहिलेल्या सहा रचनांची त्याच्या स्वतःच्या हातची १७२० सालची प्रत आज उपलब्ध आहे. तिच्यातल्या बोच्या कमानी, म्हणजे किती स्वर एका बोत घ्यायचे याच्या खुणा, त्यानंच काढलेल्या आहेत. त्यांतल्या जी मायनर सोनाटात फ्यूग आहे, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत फिरून येणारा भाग, आणि त्यात तीन-तीन, चार-चार स्वरांचे कॉर्ड येतात. ब्रिज वक्र असल्यामुळे बो एका वेळी दोनच तारांवर नीट टिकू शकतो. म्हणजे चार स्वरांचा कॉर्ड मोडूनच वाजवावा लागतो, आणि मोडताना श्रोत्याला मात्र फ्यूगची चाल सलग ऐकू यायला हवी, ती खालच्या तारेवर असो, मधल्या असो की वरच्या. मी कॉर्ड नेहमी खालून वर मोडायचे, कारण हाताला ते सोपं जातं. सरांनी एक दिवस फक्त चालीचे स्वर वाजवायला लावले, बाकी सगळं गाळून. मग म्हणाले, "आता हेच ऐकू येत राहील अशा बेतानं उरलेले स्वर घाल." कॉर्डच्या कुठल्या तारेवर बो थांबवायचा आणि कुठली नुसती स्पर्शून सोडायची, हा निर्णय त्या दिवसापासून माझा झाला. वादकाचं वय वाढतं ते अशा एखाद्या दिवशी.

बाखच्या त्याच सहा रचनांतल्या दुसऱ्या पार्टिताच्या शेवटी येणारी शाकॉन मी पुढे कित्येक मंचांवर वाजवली. तिच्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिचाच होईल, म्हणून आवरते.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीतल्या वादकांना आठवडाभर बाहेरच्या जगापासून दूर ठेवतात आणि पूर्वी कोणीच न वाजवलेला नवा कॉन्चेर्टो त्यांना त्या मुदतीत तयार करावा लागतो. मी गेले त्या स्पर्धा याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांतून मला दोन गोष्टी मिळाल्या: काही मैफली, आणि अनोळखी सभागृहात दहा मिनिटांत आवाजाचा अंदाज घेण्याची सवय. पारितोषिकांवर पोट चालत नाही. स्पर्धा जिंकणाऱ्यांतलेही मोजकेच केवळ एकल वादनावर जगतात. बाकीचे ऑर्केस्ट्रात असतात, चेंबर संगीत करतात, शिकवतात, आणि बहुतेक जण हे सगळं एकत्र करतात. कमी दर्जाची वाट म्हणून याकडे पाहणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

ऑर्केस्ट्राची ऑडिशन हा मात्र वेगळाच प्रकार आहे, आणि त्याची तयारी कॉन्झर्वेटरीत पुरेशी होत नाही असं माझं मत आहे. आधी यादी येते. त्यात मोत्सार्टचा कॉन्चेर्टो जवळजवळ नक्की असतो, आणि त्याच्या जोडीला ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले निवडक तुकडे. रिखार्ड स्ट्राउसच्या डॉन ह्वानचं पहिलं पान, मेंडेलसोनच्या मिडसमर नाइट्स ड्रीममधला स्केर्त्सो (चपळ भाग), शूमानच्या दुसऱ्या सिंफनीतला स्केर्त्सो, मोत्सार्टच्या एकोणचाळिसाव्या सिंफनीतले भाग, ब्राम्सची चौथी. जगात कुठेही जा, हीच नावं फिरून फिरून भेटतात. त्यामागे कारण आहे: यातला प्रत्येक तुकडा उजव्या हाताला वेगळा प्रश्न विचारतो.

डॉन ह्वानची सुरुवात म्हणजे एकाच उसळीत वर झेपावणारे स्वर. तिथे बो भरपूर लागतो, आणि तो पहिल्याच क्षणी पूर्ण वेगात असावा लागतो. मेंडेलसोनचा स्केर्त्सो याच्या अगदी उलट. हलका, वेगवान, अगदी हळू आवाजातला, आणि बो तारेवरून उडता हवा. बो उडतो तो हातानं उडवून नव्हे, त्याच्या दांडीतली लवचिकता त्याला उडवते. मधल्या भागात, तोल साधणाऱ्या बिंदूच्या जरा वर, अशी जागा असते जिथे तो ठरावीक वेगाला आपणहून उसळतो. वेग थोडा वाढला की ती जागा सरकते. माझ्या बोची ती जागा शोधण्यात माझ्या सकाळच्या सकाळ गेल्या आहेत. शूमानमध्ये एका तारेवरून दुसरीवर सतत उड्या असतात, आणि कोपर आधी निघालं नाही तर मनगट काही वेळानं दगड होतं.

पडद्यामागून ऑडिशन घेण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. बॉस्टन सिंफनीनं ती १९५२ च्या सुमारास सुरू केली आणि पुढे इतरांनी उचलली. उमेदवाराला नाव नसतं, क्रमांक असतो. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून खाली गालिचा अंथरलेला असतो. बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात सांगायचं, तो पलीकडे विचारतो. पडद्यामागून कोणीतरी मध्येच "धन्यवाद" म्हणतं की वाजवणं थांबवायचं. वर्षाची तयारी आणि पाच-दहा मिनिटांत खेळ संपतो. मला हा पडदा आवडतो. त्याच्यापलीकडे माझं वय, रूप, ओळखीपाळखी काहीच जात नाही, फक्त आवाज जातो.

बऱ्याच ठिकाणी मी पहिल्या फेरीतूनच परतले. एका ऑर्केस्ट्राच्या समितीनं सौजन्यानं लेखी शेरे दिले: लय पक्की, सूर स्वच्छ, हळू वाजवताना आवाज मागपर्यंत पोचत नाही. या एका ओळीनं माझी दिशा ठरवली. एका मैत्रिणीला मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवलं आणि मोत्सार्टच्या पाचव्या कॉन्चेर्टोतला एकल व्हायोलिनचा प्रवेश वाजवला. तो प्रवेश विलक्षण आहे. ऑर्केस्ट्रा आधी धावत येतो, आणि व्हायोलिन येतं ते त्या धावेत सामील न होता, एका छोट्याशा आदाज्योनं, म्हणजे संथ भागानं, सावकाश वर चढणाऱ्या लांब स्वरांनी. वाजवताना सगळ्यांना वाटतं की इथे फिंगरबोर्डकडे जाऊन हलका, हवेसारखा बो घ्यावा. जवळून ते गोड लागतं. शेवटच्या रांगेत, मैत्रीण म्हणाली, ते धूसर ऐकू येत होतं. मग ब्रिजच्या जवळ, बो अगदी सावकाश आणि बोटांत थोडं अधिक वजन घेऊन तोच प्रवेश वाजवला. माझ्या कानाशी किंचित खरखर होती, मागे ती पोचतच नव्हती. पोचत होता तो गाभा असलेला, शांत, नेमका आवाज. पहिल्या सत्रातल्या मोकळ्या तारांचा धडा मला अशा रीतीनं दुसऱ्यांदा शिकायला मिळाला, या वेळी सभागृहाच्या मापानं. पुढच्या हिवाळ्यात मला नोकरी मिळाली.

नोकरी मिळाल्यावर आधी परीक्षाकाळ असतो, साधारण वर्ष-दोन वर्षांचा. त्या काळात सहकारी पाहतात की हा माणूस आपल्यात मिसळतो का. आणि इथे सगळी शिकवण उलटी करावी लागते. एकल वादकाचा आवाज गर्दीतून वर यायला हवा, ऑर्केस्ट्रात तो शेजारच्या आवाजात मिसळायला हवा. पहिल्या व्हायोलिनच्या गटातल्या पंधरा-सोळा जणांनी बोचा तोच भाग, तितकीच लांबी, तीच जागा वापरली की एकच मोठं वाद्य वाजल्यासारखं वाटतं. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे या गटाचा प्रमुख, बोच्या दिशा ठरवतो आणि त्या खुणा सगळ्यांच्या स्वरलिपीच्या प्रतींवर उतरवल्या जातात. एका स्टँडवर दोघं बसतात. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो आणि तालमीत बदललेल्या खुणा लिहितो. मी कित्येक हंगाम आतल्या बाजूला बसले. माझ्या शेजारचे ज्येष्ठ सहकारी एकदाही काही बोलले नाहीत, पण एखाद्या जागी त्यांचा बो माझ्याहून चार बोटं कमी जायचा, आणि मी पाहत पाहत माझाही तेवढा करायचे. असं शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही.

शरीराबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण तरुण वादक ते लपवतात. मानेवर डाव्या बाजूला डाग पडतो, तो निरुपद्रवी असतो. खांदा, मान, मनगट यांचं तसं नाही. दुखणं सुरू झालं की थांबायचं, वैद्याकडे जायचं, आणि दिवसाचा सराव चार-पाच तासांच्या पुढे ओढायचा नाही, तोही मध्ये विश्रांती घेऊन. दुखऱ्या हातानं केलेला सराव हाताला फक्त ताण शिकवतो.

बोच्या लाकडाची काळजीही आता आमच्या वाट्याला आली आहे. आजच्या बोचा आकार अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रान्स्वा तूर्तनं पक्का केला, आणि तेव्हापासून उत्तम बो ब्राझीलच्या पर्नांबुको झाडाचे बनतात. हे झाड आता धोक्यात आहे, २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. दौऱ्यावर निघताना काही वादक कार्बन फायबरचा बो बरोबर घेतात. मी दोन्ही वापरते. माझ्या जुन्या बोचे केस काही महिन्यांनी बदलून घेते, आणि केस नवे असताना पहिले काही दिवस त्याचं वजन मला वेगळं लागतं.

आता वर्षाकाठी काही वेळा ऑर्केस्ट्रासमोर एकल वादक म्हणून उभी राहते. या हंगामात बीथोव्हनचा कॉन्चेर्टो आहे. २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नात फ्रान्त्स क्लेमेंटनं तो पहिल्यांदा वाजवला. त्यानंतर तो बराच काळ मागे पडला होता, आणि १८४४ मध्ये लंडनला अवघ्या बारा वर्षांच्या योआखिम या व्हायोलिनवादकानं मेंडेलसोनच्या संचालनात वाजवल्यावर त्याला पुन्हा मान मिळाला. एकल वादकाला सुरुवातीला कित्येक मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं, आणि मग तुटक ऑक्टेव्ह घेत, थंड हातांनी, वर चढत प्रवेश करावा लागतो. बीथोव्हननं व्हायोलिनसाठी कॅडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकल वादकानं एकट्यानं वाजवायचा भाग, लिहून ठेवली नाही, म्हणून ती वादकानं निवडायची असते. मी व्हायोलिनवादक क्राइस्लरची घेतली आहे. तिच्यात एका जागी पहिल्या भागातल्या दोन मुख्य चाली दोन तारांवर एकाच वेळी वाजतात, आणि दोन्ही चाली वेगवेगळ्या ऐकू यायच्या तर बोचा भार एका तारेवरून दुसरीवर स्वरागणिक सरकवावा लागतो, दिशा न बदलता. बाखच्या फ्यूगपाशी सरांनी करायला लावलं होतं तेच सध्या करते आहे: आधी एक चाल एकटी, मग दुसरी एकटी, मग दोन्ही, डावा हात खाली ठेवून मोकळ्या तारांवर. सकाळचा पहिला तास त्या एवढ्याशा तुकड्यावर जातो, आणि अजून खालची चाल मला हवी तितकी मोकळी ऐकू येत नाही. तालीम तीन आठवड्यांवर आली आहे.